पाळीचा १४ वा दिवस, अशोकाची साल आणि एक वही: नागपुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या घरचंच आहे, नणंदेच्या मुलीचं. तिला विचारूनच लिहून राहिले आहे, ती म्हणाली मामी लिहा, बिनधास्त लिहा, फक्त नाव नका टाकू. म्हणून नाव नाही, पण तारखा, आकडे, रिपोर्ट सगळे तिच्या वहीतले आहेत. मी ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

वय २८. लग्नाला अडीच वर्षं झाली, मूल हवं म्हणून प्रयत्न सुरू करून १४ महिने. सासर मानेवाड्यात, नोकरी इतवारीत एका होलसेल कापडाच्या दुकानात अकाउंट्सची. जावई चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत, शिफ्ट ड्युटी, तिथेच क्वार्टरमध्ये राहतात आणि वीकली ऑफ साठवून साठवून महिन्यातून एकदा चार-पाच दिवस नागपूरला येतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच कामाची आहे.

५ डिसेंबर २०२४, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, आमच्याकडे हळदीकुंकू होतं. पोरगी आली आणि दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आधीच जिन्यात बसली. ओठ पांढरे, छातीत धडधड. मी म्हटलं काय झालं गं, पाळी आहे का, तर म्हणे नाही मामी, ती तर होऊन गेली, २१ तारखेला आली होती, हे असंच होते आजकाल, जिना चढला की दम लागते. मग आपणहूनच हळूच म्हणाली, "आज १५ वा दिवस आहे, हे आलेत सुट्टी घेऊन, म्हणून मी लवकर निघते." मला तेव्हाच काहीतरी खटकलं. रविवारी ये आणि येताना वर्षभराचं कॅलेंडर घेऊन ये, एवढं सांगून पाठवलं.

रविवारी ती कॅलेंडर, एक फाईल आणि एक पिशवी घेऊन आली. पिशवीत काय होतं ते आधी सांगते, कारण १४ महिन्यांचा इतिहास त्या पिशवीतच होता. मेथीदाणे, ओवा, भाजलेल्या जवसाची पूड, गुळाची ढेप, एक अशोकारिष्टाची बाटली, कागदाच्या पुड्यांमध्ये बांधलेली राखाडी रंगाची एक पावडर जी कोणाच्या तरी ओळखीने आली होती आणि जिच्यावर ना नाव ना घटक, आणि एका डब्यात झाडाची वाळलेली साल. साल कुठून आणली विचारलं तर म्हणे आमच्या कंपाउंडमधल्या अशोकाची, शेजारच्या काकूंनी सांगितलं की अशोकाच्या सालीचा काढा घेतला की गर्भाशय मजबूत होते, तर आई स्वतः काढून उकळून देतात. आई म्हणजे तिच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई.

फाईलमध्ये एकच महत्त्वाचा कागद होता. सप्टेंबरमध्ये एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे पाळीच्या २१ व्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासलं, आलं ०.८, आणि सांगितलं की तुमचं अंडंच तयार होत नाही. त्या दिवसापासून काढा दोन वेळा झाला आणि पुड्या सुरू झाल्या.

मी आधी कॅलेंडर उघडलं. प्रत्येक पाळीच्या पहिल्या दिवसावर लाल गोल होता, हे तिने फार चांगलं केलं होतं. दोन गोलांमधले दिवस मोजले: ३६, ३४, ३९, ३५, ३७, ३५. सरासरी बरोबर ३६. आता सगळ्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की १४ व्या दिवशी अंडं सुटते, तर जावई बिचारे दर महिन्याला १२ ते १६ व्या दिवसात सुट्टी बसवून येत होते. मोबाईलमधल्या ॲपमध्येही तिने सुरुवातीला सायकल २८ दिवसांची भरली होती आणि ते तसंच राहिलं होतं, त्यामुळे तेही १४ च दाखवायचं.

इथे जरा थांबून नीट सांगते, कारण हे आपल्याला कोणी सांगतच नाही, पुस्तकातही २८ दिवसांची आकृती देऊन मोकळे होतात. पाळीचक्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बीजकोशात अंडं पिकते, आणि हा भाग लांबतो-आखडतो, थकवा, आजारपण, वजन, थायरॉइड, उपास, कशानेही. दुसरा भाग म्हणजे अंडं सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा, तो बराच ठरलेला असतो, बहुतेक बायकांमध्ये १२ ते १४ दिवस, थोडं इकडे तिकडे. म्हणून १४ हा आकडा पुढून मोजायचा नाहीच, तो मागून मोजायचा असतो, येणाऱ्या पाळीपासून. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या दोघांनी १९२० च्या दशकातच हे वेगवेगळं शोधून ठेवलं होतं, शंभर वर्षं झाली. २८ दिवसांची पाळी असली तर पुढून मोजा की मागून, १४ च येते, म्हणून घोळ कोणाच्या लक्षात येत नाही. पण ३६ मधून १४ गेले की राहतात २२. सुटलेलं अंडं जगते १२ ते २४ तास. शुक्राणू चांगल्या वातावरणात पाच दिवसांपर्यंत टिकतात. म्हणजे उपयोगाचे दिवस सहा, अंडं सुटायचा दिवस आणि त्याआधीचे पाच. हिच्या बाबतीत ते दिवस साधारण १७ ते २२, आणि जावई १६ व्या दिवशी संध्याकाळच्या बसने चंद्रपूरला परत. १४ महिने. मी हे कागदावर मांडलं तेव्हा ती खूप वेळ काही बोललीच नाही.

आणि तो २१ व्या दिवसाचा रिपोर्ट? प्रोजेस्टेरॉन हे अंडं सुटल्यानंतर वाढते, आणि साधारण सात दिवसांनी सगळ्यात जास्त असते. २१ वा दिवस म्हणजे १४ अधिक सात, तोच २८ चा हिशोब. ३६ दिवसांच्या सायकलमध्ये ही टेस्ट २९ व्या दिवसाच्या आसपास करायला पाहिजे होती. २१ व्या दिवशी हिचं अंडं कदाचित सुटायचंच होतं, मग प्रोजेस्टेरॉन येणार कुठून. एका चुकीच्या दिवशी काढलेल्या रक्तावर पोरीने तीन महिने स्वतःला वांझ म्हणून रडून काढले. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

पण त्या रविवारचा सगळ्यात मोठा धक्का वेगळाच होता. बोलता बोलता ती म्हणाली, मामी मला अजून एक त्रास आहे, अंगावर पांढरं जाते. दर महिन्याला तीन-चार दिवस, मग आपोआप बंद. कालपासून परत सुरू झालं. वास नाही, खाज नाही, पाण्यासारखं, चिकट, बोटांमध्ये ताणलं तर तार येते, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. त्यावर काय करते? आई तांदळाचं धुवण देतात जिरं घालून, आणि "ते दिवस" अशक्तपणाचे म्हणून नवऱ्यालाही लांब ठेवायचं. मी कॅलेंडर पाहिलं. तो १८ वा दिवस होता.

मी तिचा हात धरला आणि सांगितलं की बाई, हा आजार नाही, हीच तर खूण आहे. अंडं पिकत आलं की इस्ट्रोजेन वाढते आणि गर्भाशयाच्या मुखाशी हा पातळ, ताणला जाणारा स्राव तयार होतो, शुक्राणूंना वर जायला वाट मिळावी म्हणून. अंडं सुटलं की प्रोजेस्टेरॉनमुळे तो घट्ट होऊन बंद होतो. ऑस्ट्रेलियाच्या बिलिंग्ज नावाच्या डॉक्टर नवरा-बायकोने याच स्रावाच्या निरीक्षणावर अख्खी पद्धत उभी केली. ती शरीराची सगळ्यात स्पष्ट सूचना १४ महिने तांदळाच्या धुवणाने बरी करायला बघत होती. (पांढरं जाणं नेहमीच नॉर्मल असते असं मात्र नाही. दह्यासारखं, हिरवट-पिवळं, वास मारणारं, खाज, जळजळ, ओटीपोटात दुखणं, असं काही असलं तर ते इन्फेक्शन असू शकते आणि डॉक्टरकडेच जायचं, धुवण पीत बसायचं नाही.)

मग मी पाळीच्या रक्ताचं विचारलं. सात-आठ दिवस पाळी, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलायचं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी, रात्री दोनदा उठायचं. तिला वाटायचं सगळ्यांचंच असं असते, कारण तिच्या आईचंही तसंच होतं. दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजणं, मोठ्या गाठी, आठवड्यापेक्षा जास्त दिवस, हे जास्त रक्तस्रावाचं लक्षण आहे, सहन करायची गोष्ट नाही. वरून सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपास, आणि उपासाला साबुदाणा आणि दिवसभर चहा. गूळ खात होती रक्त वाढावं म्हणून, पण गुळात लोह असून असून किती, आणि जेवणाच्या मागोमाग कपभर चहा घेतला की त्यातले टॅनिन अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत.

सोमवारी सकाळी तिला घेऊन मी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी पाऊण तास ऐकून घेतलं, कॅलेंडर पाहिलं, पुड्या पाहिल्या. टेस्ट झाल्या. हिमोग्लोबिन ९.४ (गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया), फेरिटिन ७, म्हणजे साठवणीतलं लोह जवळजवळ संपलेलं. थायरॉइडची तपासणी टीएसएच ८.४, हा आकडा वाढला म्हणजे थायरॉइड मंद. मंद थायरॉइडने पाळी लांबू शकते आणि रक्तही जास्त जाऊ शकते, म्हणजे दोन्ही गोष्टींचा एक धागा इथे होता. सोनोग्राफीत फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) वगैरे काही नाही. विदर्भातल्या डॉक्टर म्हणून त्यांनी सिकलसेलची (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) तपासणीही लिहिली, आपल्याकडे हे प्रमाण जास्त आहे आणि मूल हवं असणाऱ्या प्रत्येक जोडप्याने ती करायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तिची एएस आली, म्हणजे वाहक. घरात रडारड झाली. पण वाहक असणं म्हणजे आजार नाही, आणि तिचं कमी हिमोग्लोबिन त्याच्यामुळे नव्हतं, लोहामुळे होतं. नवराही वाहक असला तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकलसेल आजार व्हायची शक्यता चारात एक असते. जावयांची तपासणी एए आली, म्हणजे ते वाहक नाहीत. विषय संपला.

जावयांची वीर्य तपासणी करायला मात्र वेळ लागला. १४ महिने पोरीने काढे प्यायले आणि त्यांची एक साधी टेस्ट कोणी सुचवली नव्हती. मी त्यांना फोनवर सरळ म्हटलं, जावईबापू, अर्ध्या गोष्टीची तपासणी करून पूर्ण उत्तर कसं मिळेल. त्यांनी ऐकलं, आठवड्यात केली, नॉर्मल आली. माणूस चांगला आहे, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता घरगुती उपायांचं. मी त्यांच्या विरोधात नाही, माझ्या स्वतःच्या घरात ओवा आणि सुंठ आहे. डॉक्टर बाईंनीही सगळं फेकायला नाही सांगितलं, निवडायला सांगितलं. पोट दुखताना गरम पाण्याची पिशवी, हा उत्तम उपाय, अभ्यासांतही शेकाने आराम पडतो असं दिसलेलं आहे. आल्याचाही दुखण्यावर काही प्रमाणात उपयोग दिसतो, तर आल्याचा चहा नाही, नुसतं आलं उकळून चालेल. जवसाची चटणी, तीळ, कारळं, हरभरा, पालेभाजी, हे औषध म्हणून नाही तर जेवण म्हणून, आणि रोज. तिळाने, अंड्याने उष्णता वाढते म्हणून ते बंद केले होते, ते परत सुरू. डिसेंबर म्हणजे संत्र्यांचा अंबिया बहार, गल्लोगल्ली ढीग लागलेले, तर जेवणासोबत एक संत्रं, कारण व्हिटॅमिन सी असलं की लोह जास्त शोषलं जाते. चहा जेवणापासून तासभर लांब. पण फेरिटिन ७ असताना नुसत्या खाण्याने भरून येत नाही, तिथे लोहाच्या गोळ्याच लागतात.

अशोकाची साल. मी मानेवाड्याला गेले तेव्हा विहीणबाईंना घेऊन खाली कंपाउंडमध्ये गेले. झाड उंच, सरळ, खांबासारखं, लांब नागमोडी कडांची पानं खाली लोंबलेली. हे आपल्या नागपूरच्या अर्ध्या कॉलन्यांमध्ये लावलेलं झाड, लोक त्याला अशोक म्हणतात, पण हा आयुर्वेदातला अशोक नाहीच. औषधातला तो सीतेचा अशोक, बुटका, पसरट, त्याला शेंदरी-लाल फुलांचे गुच्छ येतात, वनस्पतीशास्त्रात त्याचं कूळही वेगळं. बाजारातल्या सालीतही ह्या खोट्या अशोकाची भेसळ होते हे जुनं दुखणं आहे. म्हणजे पोरगी इतके महिने एका भलत्याच झाडाची साल पीत होती. विहीणबाई त्या खरवडलेल्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बापा, मी तर देवाचं नाव घेऊन द्यायची वो." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना स्वतःलाही आयुष्यभर असंच कोणीतरी सांगितलेलं मिळालं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की वैद्यकीचं घ्यायचं असेल तर शिकलेल्या वैद्याकडून, नाव-घटक-बॅच लिहिलेलं, आणि डॉक्टरला सांगून. अशोकारिष्टसुद्धा आंबवून बनते, त्यात तयार झालेलं अल्कोहोल असते, मूल राहण्याच्या प्रयत्नात असताना विचारल्याशिवाय घेऊ नये. पुड्या मात्र त्याच दिवशी बंद. नाव नसलेल्या पावडरीत जड धातू, स्टेरॉइड काहीही असू शकते.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नंतर अर्धा-पाऊण तास काही नाही, आणि लोहाची गोळी तिच्यापासून कमीत कमी चार तास लांब, नाहीतर थायरॉइडची गोळी लागूच पडत नाही. सोबत फॉलिक ॲसिड, ते गर्भ राहण्याच्या आधीपासून लागते, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी फार लवकर बंद होते, कित्येकदा पाळी चुकल्याचं कळायच्या सुमारास.

आणि वही. २७ डिसेंबरला पाळी आली तिथून वही सुरू. दोन दशांशाचं थर्मामीटर घेतलं, सकाळी डोळे उघडले की अंथरुणातून उठायच्या आधी तोंडात, आकडा लिहायचा, आणि दिवसभरातला स्राव कसा ते एका शब्दात: कोरडं, चिकट, ओलं, तार. अंडं सुटलं की प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर जाते आणि पाळीपर्यंत वरच राहते. तिचं आधी ३६.३, ३६.४ असं चालायचं, मग एका सकाळी ३६.७. म्हणजे तापमान अंडं सुटून गेल्यावर सांगते, स्राव आधी सांगतो, दोन्ही मिळून चित्र पूर्ण होते. जानेवारीत २९ व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन परत केलं: ११. तीनच्या वर असलं तरी अंडं सुटलं असं धरतात. ज्या अंड्याचं १४ महिने सुतक पाळलं ते दर महिन्याला तयार होत होतं.

पुढच्या सायकली ३५, ३४, ३३, ३३. एप्रिलपर्यंत टीएसएच २.१, हिमोग्लोबिन ११.९, पाळी पाच दिवसांवर, गाठी बंद. दर महिन्याला आशा, दर महिन्याला लाल गोल, हेही सांगते, कारण दिवस बरोबर कळले की लगेच होते असं नसते, सगळं नीट असलेल्या जोडप्यांनाही महिने लागतात. मार्चमध्ये ती फार रडली होती. एप्रिल-मे मध्ये तर वहीत आकडेही वेडेवाकडे, रात्री भिंती तापलेल्या, लाईट गेली की कूलर बंद, झोपच नाही, मग सकाळचं तापमान खरं मानायचं कसं. तेव्हा तिने फक्त स्रावावर विश्वास ठेवला. ११ मेला पाळी आली. २६ पासून "ओलं", मग "तार". जावयांची सुट्टी आता तिच्या वहीवर ठरत होती, ते २६ ला आले ते ३० पर्यंत राहिले. २९ तारखेला शेवटचं "तार", त्यानंतर कोरडं. अंडं साधारण ३० मेला, २० व्या दिवशी.

जूनमध्ये पाळी आली नाही. टेस्टवर दोन रेघा. टीएसएच लगेच परत केलं, कारण गरोदरपणात थायरॉइडची गरज वाढते, गोळीचा डोस वाढवला आणि महिन्या-महिन्याला तपासणी ठरली.

८ जुलैला पहिली सोनोग्राफी. आणि तिथे परत तोच हिशोब आडवा आला. पाळीच्या तारखेवरून ८ आठवडे २ दिवस व्हायला पाहिजे होते, मशीन म्हणे ७ आठवडे ३ दिवस. सोनोग्राफीच्या खोलीत कोणीतरी सहज बोलून गेलं की बाळ मागे आहे. पोरगी बाहेर येऊन थरथरून राहिली होती, विहीणबाईंचा चेहरा उतरलेला. गरोदरपणाचे आठवडेसुद्धा पाळीच्या पहिल्या दिवसापासून, अंडं १४ व्या दिवशी सुटलं असं धरूनच मोजतात. मी काही बोलायच्या आतच तिने पर्समधून वही काढली, बोटाने मे महिना शोधला, २० मधून १४ वजा केले आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, सहा दिवस. बाळ मागे नाही, आपण सहा दिवस आधीपासून मोजून राहिलो होतो." ठोके छान होते. डॉक्टर बाईंनी वही पाहिली, सोनोग्राफी पाहिली, आणि प्रसूतीची तारीख १५ फेब्रुवारीची खोडून २१ फेब्रुवारी लिहिली.